'टेक्निकलला स्ट्राँग' आणि माऱ्याची जागा

१३ वर्षांपूर्वी पिंपरीत आमच्या वस्तीच्या नाक्यावर आम्ही एक फ्लेक्स लावला होता. वर तथागत आणि बाबासाहेब, मध्ये आमच्या दादाचा टाय घातलेला फोटो, खाली आम्हा कार्यकर्त्यांची नावं. वस्तीतला पहिला एम.टेक. चाकणच्या एका मोठ्या कंपनीच्या आर अँड डीमध्ये, म्हणजे संशोधन आणि विकास विभागात लागला होता. त्याची आई फ्लेक्सखाली उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातावर पेढा ठेवत होती. 'शिका' झालं, आता पुढचं आपोआप होईल, असं त्या दिवशी आम्हाला मनापासून वाटलं.

ते आपोआप झालं नाही. का झालं नाही हे कळायला आम्हाला एक तप लागलं. आणि जिथे ते अडलं त्या जागेबद्दल आपल्या चळवळीत फारसं कोणी बोलत नाही, म्हणून हे लिहीत आहोत.

आम्ही म्हणजे विहारात दर रविवारी अभ्यासवर्ग चालवणारे पाच-सहा जण. कोणी सामाजिक कार्यकर्ते, कोणी शिक्षिका, कोणी बँकेत. मुलांचे फॉर्म भरून देणं, जातपडताळणीची कागदपत्रं गोळा करणं, अडकलेल्या स्कॉलरशिपसाठी समाजकल्याणच्या कार्यालयात खेटे घालणं ही आमची कामं. प्रवेश आणि नोकरी या दोन दारांवर आम्ही वर्षानुवर्षं पहारा दिला. आत तिसरं दार आहे याचा आम्हाला पत्ताच नव्हता.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी वंदना झाली, माणसं पांगली, तरी दादा भिंतीला टेकून बसून राहिला. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाला, "या वर्षीही यादीत नाव नाही."

"कसली यादी?"

मग त्याने सांगितलं. त्याची कंपनी दरवर्षी आर अँड डीमधल्या चार मॅनेजरांना एका नामांकित व्यवस्थापन संस्थेत प्रशिक्षणाला पाठवते. तीन आठवडे तिथेच राहायचं, मग सहा महिने एक प्रकल्प करायचा. फी लाखांत असते, ती कंपनी भरते. हे प्रशिक्षण करून आलेल्यालाच पुढे नव्या प्रकल्पाचं बजेट मिळतं, त्यालाच वरच्या बैठकांना बोलावलं जातं. दादाच्या हाताखाली नऊ इंजिनिअर. ब्रेकच्या दोन पेटंटांवर त्याचं नाव. तीन वर्षं तो वाट बघत होता आणि त्याच्या मागून आलेले दोघं जाऊन आले होते. शेवटी त्याने साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, "अरे, तू टेक्निकलला इतका स्ट्राँग आहेस! तू तिकडे गेलास तर इथे ब्रेक कोण बघणार?"

आमच्यातला एक जण पटकन म्हणाला, "म्हणजे कौतुकच केलं की!"

दादा हसला. "तीन वर्षं हेच कौतुक ऐकतोय."

हे प्रशिक्षण म्हणजे काय?

त्या दिवशी आम्ही त्याला अगदी बाळबोध प्रश्न विचारले. इंजिनिअरला धंद्याचं शिक्षण कशाला? त्याने समजावलं ते असं.

संशोधन विभागात दहा-बारा वर्षं काढलेला माणूस यंत्र कसं चालतं हे जाणतो. पण कोणतं यंत्र बनवायचं, त्यावर किती पैसा घालायचा आणि अर्ध्यावर ते काम बंद करायचं की पुढे न्यायचं, हे ठरवणाऱ्या खोलीत वेगळी भाषा चालते. रॉबर्ट कूपर या कॅनडातल्या अभ्यासकाने १९८० च्या दशकात मांडलेली 'स्टेज-गेट' पद्धत आज जगभरच्या कंपन्यांत वापरली जाते. कल्पनेपासून बाजारापर्यंतच्या वाटेवर टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्यापुढे एक फाटक. फाटकावर वरिष्ठ बसलेले असतात. ते विचारतात, ग्राहक कोण? खर्च किती? पेटंट कोणाचं? पैसा परत कधी येणार? उत्तर पटलं तर पुढच्या टप्प्याचा पैसा सुटतो, नाही पटलं तर काम तिथेच थांबतं. मधल्या फळीतल्या मॅनेजरांना या प्रशिक्षणात हेच शिकवतात. ताळेबंद वाचणं, दहा प्रकल्पांतून तीन निवडणं, विक्री आणि कारखाना विभागांना आपल्या बाजूला वळवणं, आणि त्या फाटकावर उभं राहून बोलणं. काही वर्षांनी हाच माणूस फाटकाच्या पलीकडच्या खुर्चीत बसतो.

बाबासाहेबांनी आपल्याला माऱ्याच्या जागा घ्यायला सांगितल्या. आपण कलेक्टर, न्यायाधीश, मंत्री एवढ्याच जागा डोळ्यांसमोर ठेवल्या. देश उद्या काय बनवणार, कोणत्या प्रश्नावर डोकं आणि पैसा खर्च करणार, हे ठरवणारी फाटकावरची खुर्चीसुद्धा माऱ्याचीच जागा आहे. पण ती सरकारी राजपत्रात छापून येत नाही, म्हणून आपल्याला दिसत नाही.

बाबासाहेबांना मात्र ती दिसली होती. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन दिलं. त्यात विज्ञान आणि तंत्रज्ञानातल्या उच्च शिक्षणाची, त्यासाठी शिष्यवृत्त्यांची आणि परदेशी पाठवण्याची मागणी होती. नुसत्या कला आणि कायद्याच्या पदव्यांनी आपल्या माणसांचं भागणार नाही, हे ते तेव्हाच सांगत होते. आणि ज्यांनी ते सांगितलं ते स्वतः रुपयाच्या प्रश्नावर १९२३ मध्ये ग्रंथ लिहिणारे अर्थशास्त्रज्ञ होते. पैशाची भाषा येत नसेल तर ज्ञान दुसऱ्याच्या दारात चाकरीला उभं राहतं, हे त्यांच्याइतकं कोणाला कळलं असणार?

नऊ चौकटी

दादाला आम्ही म्हटलं, निवडीचा निकष काय ते लेखी विचार. त्याने एचआरला ईमेल केला. उत्तर आलं, परफॉर्मन्स आणि पोटेन्शियल.

मोठ्या कंपन्यांत यासाठी एक तक्ता असतो. त्याला 'नाइन बॉक्स' म्हणतात. आडव्या बाजूला आजचं काम, उभ्या बाजूला उद्याची क्षमता. दोन्हींच्या तीन-तीन पायऱ्या, अशा नऊ चौकटी. वरिष्ठ एकत्र बसतात आणि प्रत्येक मॅनेजरला एका चौकटीत टाकतात. उजव्या वरच्या चौकटीतली माणसं प्रशिक्षणाला जातात. दादा तीन वर्षं एकाच जागी होता. काम उत्तम, क्षमता मध्यम.

कामाला आकडे असतात. किती प्रकल्प वेळेत झाले, किती पेटंटं झाली, किती खर्च वाचला. क्षमतेला आकडा नसतो. ती वरिष्ठाला 'जाणवते'. आणि वरिष्ठाला कोणात क्षमता जाणवते? जो त्याच्यासारखा बोलतो, त्याच्यासारखे विनोद करतो, ज्याचे वडील त्याच्या वडिलांसारखेच कुठेतरी अधिकारी होते, त्याच्यात. समाजशास्त्राच्या एम.ए.ला आम्ही बोर्द्यू वाचला, 'सांस्कृतिक भांडवल' या शब्दावर दहा मार्कांचं उत्तर लिहून पासही झालो. पण हे भांडवल नऊ चौकटींच्या तक्त्यात 'पोटेन्शियल' या नावाने जमा होतं, हे आम्हाला विहाराच्या सतरंजीवर कळलं.

कोणी म्हणेल, हा तुमचा संशय आहे, खासगी क्षेत्र जात बघत नाही. त्यांच्यासाठी दोन अभ्यास पुरेसे आहेत. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा अभ्यास २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावं बदलली. दलित नावाच्या अर्जाला बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण नावापेक्षा कमी निघाली. दुसरा अभ्यास त्याच साप्ताहिकात २०१२ मध्ये आला. देशातल्या आघाडीच्या १,००० कंपन्यांच्या संचालक मंडळांतली नावं तपासली. सुमारे ९३ टक्के संचालक सवर्ण होते. अनुसूचित जाती-जमाती मिळून ३.५ टक्के. पहिला अभ्यास दरवाजाचा, दुसरा गच्चीचा. मधल्या जिन्यावर काय होतं ते मोजायला कोणी गेलेलं आमच्या पाहण्यात नाही. आमचा दादा त्या जिन्यावर उभा होता.

सरकारी प्रयोगशाळांचं काय?

वाचकांपैकी अनेकांना वाटेल, खासगीचं सोडा, सरकारी संशोधन संस्थांत तरी आरक्षण आहे. पुण्यातल्या मुलांना राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळा लहानपणापासून ठाऊक असतात. आम्हीही मुलांना सांगायचो, तिथे जा, तिथे संविधान आहे. म्हणून आम्ही नियम काढून वाचायला बसलो.

२३ जून १९७५ चा केंद्र सरकारचा एक कार्यालयीन आदेश आहे. त्यानुसार 'वैज्ञानिक आणि तांत्रिक' म्हणून ठरवलेली पदं, गट 'अ' मधल्या सर्वांत खालच्या श्रेणीच्या वर असतील आणि संशोधन करणं किंवा संशोधनाचं संघटन, मार्गदर्शन, दिग्दर्शन करणं हे त्यांचं काम असेल, तर ती आरक्षणातून वगळता येतात. हे वाक्य पुन्हा वाचा. खालच्या पायरीवर या. मार्गदर्शन आणि दिग्दर्शन करायची वेळ आली की सवलत संपली.

१६ नोव्हेंबर १९९२ च्या इंद्रा साहनी निकालात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने मंडल आयोगाचं आरक्षण वैध ठरवलं, तो आपण साजरा केला. त्याच निकालात जिथे आरक्षण लावणं योग्य ठरणार नाही अशा पदांची यादीही दिली आहे. संशोधन आणि विकास करणाऱ्या आस्थापनांतली तांत्रिक पदं त्या यादीत आहेत, अणुऊर्जा आणि अवकाश क्षेत्रासह. प्राध्यापक आणि त्यावरची पदं आहेत, वैमानिकही आहेत. थोडक्यात, जिथे डोकं चालवायचं तिथे तुम्ही नको, हे 'गुणवत्ता' या शब्दाआड सभ्य भाषेत लिहिलेलं आहे.

शिवाय वैज्ञानिकांच्या बढत्या बहुतेक ठिकाणी 'फ्लेक्झिबल कॉम्प्लिमेंटिंग स्कीम'खाली होतात. रिक्त जागा असण्याची अट नाही, मूल्यमापन आणि मुलाखतीवर बढती. कल्पना चांगली आहे. पण जागाच मोजायच्या नाहीत म्हटल्यावर बिंदुनामावली कशाला लावणार? मग उरतो गोपनीय अहवाल, मुलाखत आणि वरिष्ठांचं मत. प्रशिक्षणाच्या नॉमिनेशनलाही वरिष्ठांची शिफारस लागते. खासगीत नऊ चौकटी, सरकारीत शिफारस. जिना दोन्हीकडे एकसारखाच अंधारा.

काकांचा प्रश्न

एवढं वाचून झाल्यावर आम्ही वर्गात उत्साहाने हा विषय मांडला. आमचे एक ज्येष्ठ काका शेवटपर्यंत गप्प होते. नामांतरात तुरुंगात गेलेले, आयुष्यभर महापालिकेच्या सफाई कामगारांत काम केलेले. ते उठले आणि म्हणाले, "बाळांनो, परवा चेंबरमध्ये उतरलेली दोन पोरं गुदमरून मेली. तुम्ही लाखाचा पगार घेणाऱ्याला तीन आठवड्यांची ट्रिप मिळाली नाही म्हणून रडताय?"

खोलीत शांतता झाली. दादाने मान खाली घातली. काकांचं म्हणणं खोटं नव्हतं. वर गेलेली आपली माणसं वस्तीकडे पाठ फिरवतात, हा अनुभव चळवळीला आहे. त्यांच्या बढतीसाठी चळवळीने घाम का गाळावा?

उत्तर आम्हाला तेव्हा सुचलं नाही. पुढच्या रविवारी दादाच फळ्यासमोर उभा राहिला. म्हणाला, "काका, आज आपण चेंबर साफ करणाऱ्या यंत्राचा प्रकल्प फाटकावर मांडू. तुम्ही फाटकावर बसा."

आधी त्याने पैशाची वेळ समजावली. आज १ कोटी रुपये घातले आणि तीन वर्षांनी १ कोटी ३० लाख आले, तर नफा किती? सगळे म्हणाले, ३० लाख. त्याने फळ्यावर मांडलं. पैशाची किंमत वर्षाला १० टक्के धरली तर तीन वर्षांनी येणारे १ कोटी ३० लाख म्हणजे आजचे सुमारे ९७ लाख ६७ हजार. म्हणजे नफा नाहीच, सव्वादोन लाखांहून जास्त तोटा. या हिशेबाला 'नेट प्रेझेंट व्हॅल्यू' म्हणतात. कितीतरी प्रकल्प या एका आकड्यावर जगतात नाहीतर मरतात. आमच्यातल्या बँकवालीने हिशेब तपासला. दहावीच्या चक्रवाढ व्याजाचंच गणित उलटं होतं. जे गणित ऐकूनच आम्ही दबकून असायचो ते तासाभरात सगळ्यांना आलं.

मग यंत्राचा प्रकल्प. पहिला प्रश्न, ग्राहक कोण? वर्गातली एक मुलगी म्हणाली, चेंबरमध्ये उतरणारा कामगार. दादा म्हणाला, "तो वापरणारा. पैसे कोण देणार?" महापालिका. "आणि कामगाराला कामावर कोण ठेवतं?" ठेकेदार. दादाने फळ्यावर तीन गोल काढले. विकत घेणारा एक, कामावर ठेवणारा दुसरा, मरणारा तिसरा. "मरणारा ग्राहक नाही. म्हणून बाजाराच्या पाहणीत तो येतच नाही. फाटकावर बसलेल्यांनी आयुष्यात चेंबरचं झाकण उघडलेलं बघितलेलं नसतं. ते म्हणतात, मागणी कुठे आहे? आणि प्रकल्प पहिल्याच फाटकावर बंद."

काका फाटकावरच्या खुर्चीत बसून ऐकत होते. हळूच म्हणाले, "मागणी तर आम्ही चाळीस वर्षं करतोय."

२०१४ साल आठवा. मार्च महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सफाई कर्मचारी आंदोलनाच्या याचिकेवर निकाल देऊन गटारातल्या मृत्यूंसाठी १० लाख रुपये भरपाई ठरवली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मंगळयान मंगळाच्या कक्षेत पोहोचलं. मंगळयानाचा आम्हाला अभिमान आहे. पण मंगळावर जाण्याइतकं डोकं असलेल्या देशात केरळातल्या तरुण अभियंत्यांनी बनवलेला 'बँडिकूट' यंत्रमानव तिरुअनंतपुरमच्या मॅनहोलवर आला तो २०१८ मध्ये. २०२३ मध्ये न्यायालयाला भरपाई ३० लाखांवर न्यावी लागली, कारण माणसं मरतच होती. या देशात डोकं कमी नव्हतं. कोणता प्रश्न डोकं चालवण्याच्या लायकीचा आहे, हे ठरवणाऱ्या खुर्चीत चेंबरमध्ये ज्याचा भाऊ मेला असा माणूस नव्हता.

काकांच्या प्रश्नाला आमचं उत्तर हे आहे. दादाचा पगार वाढावा म्हणून ही लढाई नको. प्रश्न ठरवणाऱ्या खोलीत आपला माणूस असावा म्हणून हवी.

आणि मग दादा गेला

दादाने पुन्हा ईमेल केला. या वेळी तक्रार केली नाही. माझ्या 'क्षमते'चा शेरा कोणत्या पुराव्यावर दिला, आणि तो बदलण्यासाठी येत्या वर्षात मी नेमकं काय करावं, हे दोनच प्रश्न. सोबत एका प्रकल्पाचा तीन पानी हिशेब जोडला, विहाराच्या फळ्यावर आमच्यासमोर चार रविवार घासूनपुसून तयार केलेला. लेखी प्रश्नाला लेखी उत्तर द्यावं लागतं आणि लेखी उत्तरात 'जाणवतं' असं लिहिता येत नाही. गेल्या वर्षी चार नावांत त्याचं नाव आलं.

परत आल्यावर आम्ही त्याला घेरलं. म्हणाला, "शिकवलं त्यातलं निम्मं आपण इथेच केलं होतं. उरलेलं निम्मं रात्रीच्या जेवणावर होतं." तिथे केस स्टडीवर चर्चा होते, हार्वर्डमधून आलेली पद्धत. जो आधी आणि मोठ्याने बोलतो त्याचं मत केसचं उत्तर ठरतं. पहिले चार दिवस तो गप्प होता. पहिल्या रात्री ओळखीत कोणीतरी विचारलं, शाळा कुठली? त्याने महापालिकेच्या शाळेचा क्रमांक सांगितला. समोरचा हसला, गंमत वाटून. पाचव्या दिवशी केस होती गरीब ग्राहकांसाठी स्वस्त वस्तू बनवण्याची. वर्गातले चाळीस जण गरीब ग्राहकाला काय परवडतं यावर अंदाज करत होते. दादाला अंदाज करायची गरज नव्हती. त्याने आईच्या महिन्याच्या खर्चाची वही तोंडपाठ सांगितली. "त्या दिवसानंतर," तो म्हणाला, "जेवायला माझ्या टेबलावर लोक येऊन बसायला लागले."

गोष्ट इथे संपवली तर ती फ्लेक्सची गोष्ट होईल, म्हणून पुढचंही सांगतो. त्याने परवानगी दिली आहे.

यंदा दादा स्वतः नऊ चौकटींच्या बैठकीत बसला, त्याच्या टीमचे शेरे द्यायला. टीममध्ये नंदुरबारकडची एक आदिवासी मुलगी आहे. कामात सगळ्यांत पुढे, बैठकीत गप्प. तिच्या नावापुढे त्याने काम 'उत्तम' लिहिलं. क्षमतेच्या रकान्यात 'मध्यम' लिहिलं आणि शेऱ्यात टाइप करायला सुरुवात केली, टेक्निकलला स्ट्राँग आहे, पण...

तिथे त्याचा हात थांबला.

"मी तेच लिहीत होतो रे," तो आम्हाला म्हणाला. "तीच वाक्यं. मला कोणी शिकवली नव्हती, आपोआप येत होती."

खुर्चीवर आपला माणूस बसला म्हणजे काम झालं, असं समजणाऱ्या आम्हा सगळ्यांना ही चपराक होती. खुर्चीला स्वतःची भाषा असते आणि ती बसणाऱ्याच्या तोंडात शिरते. त्या क्षणी थांबणं, आपल्या मनात काय उठलं ते बघणं, यालाच आपल्या धम्मात सम्यक स्मृती म्हणतात ना? दादाने शेरा खोडला. त्या मुलीला बोलावून विचारलं, बैठकीत का बोलत नाहीस? ती म्हणाली, "सर, मला कोणी विचारतच नाही." आता ती दर आठवड्याला एक प्रकल्प मांडते.

आपण काय करायचं?

पहिलं, यादी मागा. सरकारी संशोधन संस्थांत दरवर्षी कोणत्या श्रेणीतल्या किती जणांना व्यवस्थापन प्रशिक्षणाला पाठवलं आणि त्यात अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी किती, ही माहिती माहितीच्या अधिकारात मागता येते. केंद्राच्या संस्थांसाठी १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत. डीआरडीओ या कायद्यातून बरीचशी वगळलेली आहे, पण सीएसआयआरच्या प्रयोगशाळा आणि विद्यापीठं नाहीत. नावं नकोत, आकडे मागा. आपल्या कर्मचारी संघटना बदल्या आणि बढत्यांवर निवेदनं देतात. त्यात नॉमिनेशनचा एक मुद्दा जोडायला काय हरकत आहे?

दुसरं, खासगी कंपन्यांना रकाना मागा. सेबीच्या नियमानुसार बाजारमूल्याने पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना दरवर्षी जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल द्यावा लागतो. त्यात किती पुरुषांना आणि किती स्त्रियांना प्रशिक्षण दिलं, हा रकाना आहे. जातीचा रकाना नाही. स्त्रियांचा रकाना असू शकतो, तर जातीचाही असू शकतो. 'आम्ही खासगी आहोत' हे उत्तर इथे चालणार नाही. कंपन्यांच्या संशोधनावरच्या खर्चाला आयकर कायद्यात मार्च २०१७ पर्यंत २०० टक्के आणि नंतर मार्च २०२० पर्यंत १५० टक्के वजावट मिळत होती. १ जुलै २०२५ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने खासगी संशोधनाला बळ देण्यासाठी १ लाख कोटींची योजना मंजूर केली. हा पैसा काडेपेटीवर कर भरणाऱ्या आपल्या आईचाही आहे. जिथे जनतेचा पैसा तिथे जनतेचा हिशेब. सीएसआरमधून वस्तीत वह्या वाटून तो हिशेब मिटत नाही.

तिसरं आपल्या हातातलं आहे. विहारात स्पर्धा परीक्षेच्या वर्गासोबत महिन्यातून एक रविवार या भाषेसाठी ठेवा. ताळेबंद कसा वाचायचा, आजची किंमत कशी काढायची, एका प्रकल्पाची बाजू पाच मिनिटांत कशी मांडायची. शिकवणारे आपल्यातच आहेत, बँकेत, कारखान्यात, हिशेबनिसांच्या ऑफिसात. आणि कंपन्यांत मधल्या फळीत पोहोचलेल्या आपल्या बहीण-भावांनो, तुम्हाला एक विनंती. आडनाव लपवून एकटे लढू नका. रविवारी येऊन भिंतीला टेकून बसा. आम्ही विचारू, काय झालं.

नाक्यावर आम्ही आता नवा फ्लेक्स लावणार नाही. त्याऐवजी विहारातला तो फळा मोठा केला आहे. परवा त्यावर दादाने नऊ चौकटी काढल्या आणि खाली लिहिलं, क्षमतेचा पुरावा काय? काकांनी खडू घेऊन त्याखाली एक ओळ जोडली, आणि चेंबरच्या यंत्राचं पुढे काय झालं?

दोन्ही प्रश्न पुसू नका असं आम्ही मुलांना सांगितलं आहे.

जय भीम!